नक्की काय झालं?

तर मंडळी, गेल्या शुक्रवारी हापिसातून आम्ही चौघं एकाच गाडीने निघालो. पाऊस, हिंजवडीचं ट्रॅफिक आणि पुढे दिसेल तिथपर्यंत लाल दिव्यांची माळ. ज्याची गाडी त्याची गाणी, हा आमचा जुना करार. गाडी माझी होती, त्यामुळे जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेटचं 'गोल्डन रिंग' लागलं. तीन मिनिटांत संपलंही. लगेच मागच्या सीटवरून पहिला शेरा आला, "काय रे हे रडगाणं! बायको पळाली, ट्रक बंद पडला, कुत्रं मेलं. कंट्री म्हणजे हेच ना?" पाठोपाठ दुसरा, "आणि यांचं नक्की काय झालं तेच कळलं नाही. फिस्कटलं कशावरून?"

पहिल्या शेऱ्याची मला सवय आहे. दुसऱ्याने मात्र डोकं फिरलं. तिथे काही बोललो नाही, कारण दोघांनाही वाकडपर्यंत सोडायचं होतं आणि गाडीत भांडण झालं की एसी कितीवर ठेवायचा यावरूनही भांडण होतं. पण शनिवार सकाळ माझी आहे, चहा झाला आहे, तेव्हा आता सविस्तर.

आधी गाण्याबद्दल, कारण बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल. 'गोल्डन रिंग' १९७६ सालचं. लिहिलं बॉबी ब्रॅडक आणि रेफ व्हॅन हॉय या दोघांनी, निर्माता बिली शेरिल. नॅशव्हिलमध्ये गाणं लिहिणं हे चक्क नोकरीसारखं काम आहे. दोन लेखक ठरलेल्या वेळी ऑफिसासारख्या एका खोलीत गिटार घेऊन बसतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाणं उभं करायचा प्रयत्न करतात. आपल्याकडे ज्याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात तेच, फक्त त्यांच्या कामाचा दर्जा बरा असतो. ब्रॅडकला या गाण्याची कल्पना सुचली ती टीव्हीवरच्या एका नाटकावरून. त्यात एक पिस्तूल या हातातून त्या हातात जात राहतं. याने पिस्तुलाच्या जागी अंगठी ठेवली. बास, एवढंच.

गाण्यात चार प्रसंग आहेत. शिकागोतलं गहाणवटीचं दुकान, उन्हाळ्यातला स्वच्छ दिवस, काचेआड अंगठ्या आणि त्या बघणारं एक जोडपं. मुलाची ऐपत बेताची, पण अंगठी ठरते. त्याच दुपारी एका छोट्याशा चॅपलमध्ये, जुन्या पियानोच्या साथीने, लग्न. तिसरा प्रसंग दोन खोल्यांच्या घरातला, शेवटच्या भांडणाचा. त्याला तिच्याबद्दल एक संशय आहे, तिच्याकडे त्यावर एक थंड उत्तर आहे, अंगठी फेकली जाते आणि दार लागतं. चौथा प्रसंग पुन्हा शिकागो, तेच दुकान, तसाच उन्हाळ्याचा दिवस, आणि काचेआडच्या अंगठ्या बघणारं एक जोडपं. संपलं.

आता 'रडगाणं' म्हणणाऱ्यांनी एक काम करा. गाणं पुन्हा ऐका आणि कोण कुठे रडतं ते मोजा. अख्ख्या गाण्यात डोळ्यांत पाणी एकदाच येतं, आणि ते लग्नात! भांडणात कोणी रडत नाही, घर सोडताना कोणी रडत नाही, अंगठी दुकानात परत येते तेव्हा तर कोणीच नाही. इतकं कोरडं गाणं शोधून सापडायचं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नातली पाठवणी यापेक्षा जास्त भिजलेली असते.

दुसरी गोष्ट. ही अंगठी गहाणवटीच्या दुकानातली आहे. म्हणजे पहिल्याच प्रसंगात ती कोणाची तरी जुनी आहे. कोणीतरी पैशांसाठी ठेवली आणि सोडवायला परत आलं नाही, किंवा सरळ विकूनच टाकली. आपण ज्याला गोष्टीची सुरुवात समजतो तो दुसऱ्या कोणाच्या तरी गोष्टीचा शेवट आहे, आणि हे गाण्यात एका शब्दानेही सांगितलेलं नाही. 'पॉनशॉप' या एका शब्दावर सगळं सोडून दिलंय.

आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगाच्या मध्ये काय आहे? काहीही नाही! लग्न लागलं, आणि पुढच्या कडव्यात शेवटचं भांडण. मधला संसार गायब. किती वर्षं? माहीत नाही. मुलं? माहीत नाही. त्याचा संशय खरा होता का? गाणं सांगत नाही. ज्या काळात जे काही बिघडायचं ते बिघडलं, नेमका तोच काळ रिकामा ठेवलाय. आपण इंजिनियर लोक अशा वेळी काय म्हणतो? लॉग कुठे आहे? मागच्या सीटवरच्या माझ्या मित्राने नेमकं तेच विचारलं. आणि माझं म्हणणं असं की लॉग नाही हीच या गाण्याची सगळ्यात खरी गोष्ट आहे.

यावर हुच्चभ्रू मंडळींचं ठरलेलं उत्तर तयार असतं. "अरे, ते त्यांच्या स्वतःच्या आयुष्यावर आहे ना! सीरियल बघितली नाहीस?" हो, बघितली. 'जॉर्ज अँड टॅमी', २०२२ सालची. जेसिका चॅस्टेन आणि मायकेल शॅनन यांनी त्यात गाणी स्वतः म्हटली आहेत आणि चांगली म्हटली आहेत. आणि हेही खरं की जोन्स आणि वायनेट यांचं लग्न १९६९ साली झालं, १९७५ साली घटस्फोट झाला, आणि त्यानंतर वर्षभराने घटस्फोटित नवरा-बायकोने एकत्र गायलेलं हे गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यांची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मसाला भरपूर आहे, नाकारत नाही.

पण जरा नीट बघा. या दोघांच्या लग्नाचं काय झालं हे साऱ्या अमेरिकेला पाठ होतं. जोन्सची दारू जगजाहीर. कार्यक्रमांना गैरहजर राहण्यावरून त्याला टोपणनावच पडलेलं. बायकोने गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या तर पठ्ठ्या गवत कापायच्या मशीनवर बसून दारूच्या दुकानात गेला, हा किस्सा त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिला आहे (ती बायको टॅमीच्या आधीची, टॅमीनेही आपल्या आत्मचरित्रात तशीच हकिगत दिली आहे). म्हणजे ज्यांच्याकडे सांगायला ढळढळीत कारण होतं, त्या दोघांनी गायलं ते कारणच नसलेलं गाणं. हे त्यांच्यावरचं गाणं नाही हो. त्यांच्यावरचं असतं तर त्यात बाटली असती.

आणि हे एकच गाणं असं नाही. जोन्सचं 'द ग्रँड टूर', १९७४. बायको बाळाला घेऊन निघून गेलीय आणि नवरा आल्यागेल्याला रिकामं घर फिरवून दाखवतोय. ही खुर्ची, हा पलंग, ही बाळाची खोली. का गेली? पत्ता नाही. टॅमीचं 'डिव्होर्स', १९६८, हेही ब्रॅडकचंच, कर्ली पुटमनच्या साथीने. त्यात आई तो शब्द एकेक अक्षर सुटं करून उच्चारते, लहान पोराला कळू नये म्हणून. घटस्फोट कशामुळे? पत्ता नाही. हे लोक कारण सांगायला विसरतात असं नाही. ते मुद्दाम सांगत नाहीत.

याउलट आपल्या टोळीत कंट्रीमधलं कुठलं गाणं चालतं? कॅरी अंडरवुडचं 'बिफोर ही चीट्स'. चाल जबरदस्त आहे, वाद नाही. पण तो खटला आहे. आरोपी आहे, गुन्हा आहे, आणि शिक्षा म्हणून त्याच्या गाडीची वाट लावलेली आहे. ऐकून बरं वाटतं. कोणाचं चुकलं ते कळलं की बरं वाटतंच. पुढे 'रेड फ्लॅग', 'टॉक्सिक', 'नार्सिसिस्ट' हे शब्द हाताशी आहेतच. रीलवर पंचेचाळीस सेकंदांत निदान करून मिळतं. समोरच्या माणसाला एक लेबल चिकटवलं की तिकीट क्लोज!

आता थोडा कायदा. कंटाळू नका, मजेशीर आहे. गाणं शिकागोतलं आहे, म्हणजे इलिनॉय राज्य. कॅलिफोर्नियाने कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळण्याची सोय १ जानेवारी १९७० पासून केली. न्यूयॉर्कने सगळ्यात शेवटी, २०१० साली. इलिनॉयमध्ये ती आली १९८४ साली. म्हणजे १९७६ मध्ये गाण्यातलं ते जोडपं त्यांच्याच राज्यातल्या कोर्टात गेलं असतं तर कोणीतरी कोणाचा तरी दोष सिद्ध करावा लागला असता. व्यभिचार, छळ, दारू, सोडून जाणं, यादीतलं काहीतरी निवडा. 'आमचं संपलं' हे उत्तर त्या राज्याच्या कायद्याला चालत नव्हतं. गाण्याला चाललं. कायद्याच्या आठ वर्षं आधी.

आणि आपल्याकडे? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सुरुवातीला परस्परसंमतीचा घटस्फोट नव्हताच. कलम १३-ब आलं दुरुस्ती करून, आणि ती दुरुस्ती कुठल्या सालची? १९७६! योगायोग आहे, त्यातून फार अर्थ काढू नका. पण त्या कलमात काय म्हटलंय ते वाचा. दोघं वर्षभर वेगळे राहत आहेत, एकत्र राहू शकलेले नाहीत, आणि लग्न संपवावं यावर दोघांचं एकमत आहे. कोणामुळे, ते विचारलेलं नाही. कायद्याच्या भाषेबद्दल आपण कायम बोटं मोडतो, पण या एका जागी तिच्याइतकी सुसंस्कृत भाषा मी आमच्या नातेवाइकांत ऐकलेली नाही.

हे कलम मला पाठ कसं, हे आता सांगायला हवं. २०१८ साली मी ते वापरलं. आम्ही वापरलं.

कौटुंबिक न्यायालयात आम्हाला विचारलं ते एवढंच, की हे राजीखुशीने आहे ना, कोणाचा दबाव नाही ना. बाहेर मात्र प्रत्येकाने विचारलं, "नक्की काय झालं?" मावशीने, सोसायटीच्या सेक्रेटरीने, हापिसात कँटीनमध्ये. प्रत्येकाकडे एक ड्रॉपडाऊन तयार होता. सासू-सून? अफेअर? मूल होत नव्हतं? तिचा पगार जास्त? त्यात 'इतर' हा पर्याय नव्हता.

खरं उत्तर काय होतं? एका रविवारी आम्ही डी-मार्टच्या रांगेत उभे होतो आणि माझ्या लक्षात आलं की गेल्या तासाभरात आपण 'पिशवी आणलीस का' एवढं एकच वाक्य बोललोय. भांडण नव्हतं. राग नव्हता. तिच्याही ते लक्षात आलं होतं, आणि बहुधा माझ्या आधीच. हे काय कारण झालं? मावशीला हे सांगून बघा. "एवढ्यावरून?" असं ती म्हणणार, आणि तिचं बरोबर असणार, कारण एवढ्यावरून कोणाचंच मोडत नाही. ते कधी, कसं, कुठल्या दिवशी संपलं, हे मी शेकडो वेळा मागे जाऊन शोधलंय. सापडत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मधली ती रिकामी जागा मला चांगली माहितीय. मी तिथे पाच वर्षं राहिलोय.

मग मी काय केलं? लोकांना हवं होतं ते दिलं. एकदा कंटाळून म्हणून टाकलं, "तिला अमेरिकेला जायचं होतं, मला इथेच राहायचं होतं." साफ खोटं. विषय एकदा आमच्या घरात निघाला होता आणि दहा मिनिटांत मिटलाही होता. पण काय चमत्कार सांगू, सगळे एकदम शांत झाले! "हां, मग बरोबर." पुन्हा कोणी विचारलं नाही. मला इतकं सोपं वाटलं की मी तेच उत्तर पुढे प्रत्येकाला दिलं.

सात-आठ महिन्यांनी एका मंगल कार्यालयात, जेवणाच्या पंगतीत, कोणीतरी तिच्या आईला ऐकवलं, "मुलीला करिअरच हवं होतं तर लग्न कशाला केलंत?" हे मला तिनेच फोन करून सांगितलं. चिडून नाही. फक्त विचारलं, "तू असं सांगतोयस का?" मी "हो" म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. आमच्या सगळ्या संसारात मी तिच्याशी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट ही होती, आणि ती संसार संपल्यावर केलेली होती.

म्हणून मागच्या सीटवरचा तो प्रश्न मला लागला. 'नक्की काय झालं' हा निष्पाप प्रश्न नाही. कारण मागणारा माणूस खरं तर गुन्हेगार मागत असतो, आणि फार मागितलं की समोरचा एखादा बनवून देतो. बहुतेक वेळा जो तिथे हजर नसतो, त्याला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कारण कधीच नसतं का? असतं की! मारहाण असते, व्यसन असतं, फसवणूक असते, हुंड्याचा छळ असतो. तिथे कारण गच्चीवर उभं राहून ओरडून सांगितलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं असेल' हा शहाणपणा स्वतःजवळ ठेवला पाहिजे. दारुड्या नवऱ्याशी संसार केलेल्या टॅमीला 'काही कारण नसतं गं' असं सांगायची माझी हिंमत नाही. माझा मुद्दा उरलेल्या लग्नांबद्दल आहे. जी कोणी मोडली नाहीत पण मोडली. अशी किती असतात याची आकडेवारी माझ्याकडे नाही, पण आजूबाजूला बघा. आणि ती लग्नं गेल्यावर बोलायला आपल्याकडे शब्दच नाहीत, फक्त प्रश्न आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या गाण्यातलीही एक गोष्ट मला पटत नाही. त्याचं ध्रुवपद. प्रेम नसेल तर अंगठी म्हणजे नुसता धातू, अशा अर्थाचं ते आहे. ऐकायला छान, लग्नपत्रिकेवर छापण्यासारखं. पण शेवटचं कडवं त्याच्याशी भांडतं. नुसता धातू असता तर दुकानदाराने वितळवून वजनावर विकला असता. तो तिला अंगठी म्हणूनच काचेत मांडतो, आणि कोणीतरी ती अंगठी म्हणूनच बघत उभं राहतं. आधीच्यांचं काय झालं हे माहीत नसताना. कदाचित माहीत नसतं म्हणूनच.

आपल्याकडे हे होत नाही. मी माझी अंगठी सराफाकडे घेऊन गेलो. त्याने ती काट्यावर ठेवली, वजन सांगितलं, घट किती धरणार ते सांगितलं, आजचा भाव लावला. मोड म्हणून दिलेल्या सोन्याचा आकार राहत नाही, ते भट्टीत जातं आणि कोणाच्या तरी बांगडीत मिसळतं. 'का विकताय' असं त्याने विचारलं नाही. पावती लिहिताना फक्त म्हणाला, "आतल्या बाजूला नाव कोरलंय साहेब, चालेल ना?" मी क्षणभर थांबलो, आणि अंगठी परत खिशात घातली. का, ते विचारू नका. त्याचंही कारण नाही.

असो. बरंच लांबलं. सोमवारी पुन्हा तीच गाडी, तेच चौघं आणि तोच पूल. मागच्या सीटवरच्या मित्रासाठी 'द ग्रँड टूर' लावणार आहे. त्याने विचारलंच "ही का गेली?" तर म्हणेन, "माहीत नाही. गेली." आणि तिच्या आईचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. दोन वेळा उघडून बंद केलाय. हे इथे लिहिणं सोपं होतं, तिथे बोलणं अवघड आहे. पण ज्या पंगतीत मी नव्हतो तिथे माझं खोटं पोचलं, तर खरं निदान मी स्वतः पोचवायला हवं. आज शनिवार आहे. उद्यापर्यंत फोन करतो.